स्लावच्या कौन्सिल निवडणुका: यादीत कोण होतं आणि कोण नव्हतं

सारंग_लँग्ली

इंग्लंडमधल्या स्लावमध्ये (Slough) मराठी माणसं आता बरीच झाली आहेत. हीथ्रो जवळ, एलिझाबेथ लाइननं लंडन हाकेच्या अंतरावर आणि भाडं लंडनच्या मानानं सोसवणारं, म्हणून आयटीतली मंडळी इथे येऊन राहतात. पण कौन्सिलचा, म्हणजे इथल्या पालिकेचा, विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "आपण भारतीय पासपोर्टवाले, आपला काय संबंध?" संबंध आहे. मत देण्याचा पूर्ण हक्क आहे. तो किती जुना आहे आणि या गावात त्यावरून काय काय घडलं, हे नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय. लांबेल, पण सवडीनं वाचा.

स्लाव हे काही जुनं ऐतिहासिक शहर नव्हे. पहिल्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायचा इथला डेपो सरकारनं १९२० मध्ये विकला आणि त्यातून ट्रेडिंग इस्टेट, म्हणजे कारखान्यांची वसाहत, उभी राहिली. १९३२ मध्ये मार्सचा चॉकलेटचा कारखाना आला. मंदीत वेल्समधल्या कोळशाच्या खाणी बसल्या, तेव्हा तिथले तरुण कामाच्या शोधात इथे लोटले. १९३८ मध्ये गावाला बरोचा दर्जा मिळाला, म्हणजे महापौर, आल्डरमन आणि नगरसेवक असा सगळा थाट आला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण त्या काळी कौन्सिलसाठी मत कुणाला होतं ते बघा. पार्लमेंटसाठी १९२८ पासून २१ वर्षांवरच्या सगळ्या स्त्री-पुरुषांना मत होतं. कौन्सिलसाठी मात्र घराचा किंवा जागेचा मालक नाहीतर भाडेकरू असायला हवं, किंवा अशा माणसाचा नवरा वा बायको. एखाद्या बाईच्या घरी सामानसुमानासकट खोली घेऊन राहणाऱ्या कामगाराला ते मत नव्हतं. स्लाव तर अशाच लोकांनी भरलेलं! ज्यांच्या घामावर गाव वाढत होतं, त्यांतल्या कितीतरी जणांना गावच्या कारभारात बोलायला जागा नव्हती. बरो होऊन वर्ष होतंय तोवर युद्ध लागलं आणि देशभरच्या स्थानिक निवडणुका थांबल्या त्या १९४५ च्या नोव्हेंबरपर्यंत. त्याच वर्षी कायदा बदलला आणि पार्लमेंटच्या मतदाराला कौन्सिलचंही मत मिळालं.

मला या गावच्या निवडणुकांच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मतदार यादी. पक्ष येतात-जातात. यादीत कोण आलं आणि कोण बाहेर राहिलं, त्यावरून इथलं राजकारण वळत गेलं. पुढचं उद्या लिहितो.

अवनी_रेडिंग

छान सुरुवात, सारंगदादा. एक विचारू का? स्लाव बर्कशायरमध्ये की बकिंगहॅमशायरमध्ये? आमच्याकडची जुनी मंडळी अजून "बक्समधलं स्लाव" म्हणतात.

सारंग_लँग्ली

अवनीताई, ती मंडळी बरोबर आहेत. १९७४ पर्यंत स्लाव बकिंगहॅमशायरमध्येच होतं. १९७२ च्या कायद्यानं इंग्लंडभर नव्यानं हद्दी आखल्या, तेव्हा ते बर्कशायरला जोडलं गेलं. ब्रिटवेल आणि वेक्सम कोर्टचा भागही तेव्हाच स्लावमध्ये आला. नव्या कौन्सिलची पहिली निवडणूक १९७३ मध्ये झाली, जुन्या कौन्सिलच्या शेजारी वर्षभर नवी कौन्सिल तयारी करत बसली आणि १ एप्रिल १९७४ ला तिनं कारभार हाती घेतला. आल्डरमन हा प्रकार तेव्हाच गेला. ते नगरसेवकांनी निवडलेले असत, थेट लोकांनी नव्हे, त्यामुळे तो गेला हे चांगलंच झालं.

मग १९९५ मध्ये कोलनब्रुक आणि पॉयल स्लावला मिळाले. १ एप्रिल १९९८ ला बर्कशायर काउंटी (जिल्हा) कौन्सिलच बरखास्त झाली आणि तिच्या जागी सहा स्वतंत्र कौन्सिलं आली, त्यातलं एक स्लाव. त्याआधी शाळा आणि वृद्धांची देखभाल काउंटीकडे असे, कचरा आणि घरं बरोकडे. लोकांना दोन वेगळ्या कौन्सिलांसाठी मतं द्यावी लागत. १९९८ पासून सगळं एकाच छताखाली. चूक झाली तर बोट दाखवायला एकच दार.

मावळा_लीड्स

काउंटी गेली म्हणजे निवडणुका कमी झाल्या का? आमच्याकडे लीड्समध्ये जवळजवळ दरवर्षी मे महिन्यात पत्रकं दारात येऊन पडतात.

सारंग_लँग्ली

स्लावमध्येही बरीच वर्षं तसंच होतं. चारपैकी तीन वर्षं मे महिन्यात एक-तृतीयांश जागांसाठी मतदान आणि चौथं वर्ष मोकळं. काउंटी असताना त्या मोकळ्या वर्षात काउंटीची निवडणूक होई. काउंटी गेली तरी मोकळं वर्ष तसंच राहिलं. या पद्धतीबद्दल मला बरंच म्हणायचंय, पण आधी मधला काळ लिहून घेतो.

युद्धानंतर लंडन काउंटी कौन्सिलनं आपल्याकडच्या लोकांसाठी ब्रिटवेल आणि लँग्लीमध्ये वसाहती बांधल्या. त्याच सुमारास पंजाब, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांवरून लोक यायला लागले, तेही बहुतेक ट्रेडिंग इस्टेटमधल्या कामासाठीच. आता यादीकडे बघा. १९४८ च्या कायद्यांनुसार कॉमनवेल्थमधून आलेला माणूस इथे राहायला लागला की मतदार होऊ शकत होता. जालंधरहून आलेला फाउंड्रीतला कामगार नाव नोंदवून त्याच वर्षी मत देऊ शकत होता. काही वर्षांपूर्वी वेल्समधून आलेल्या पोऱ्याला जे मिळालं नव्हतं, ते याला पहिल्या दिवसापासून मिळालं.

सगळ्यांनाच ते पचलं असं नाही. १९५० पासून इथले खासदार होते लेबर पक्षाचे फेनर ब्रॉकवे. आपल्या लोकांनी हे नाव विसरू नये. भारताच्या प्रश्नावर चर्चा हवी म्हणून हटून बसल्यामुळे १९३० मध्ये त्यांना कॉमन्स सभागृहातून निलंबित केलं होतं. वंशभेदाविरुद्धचं विधेयक ते वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मांडत राहिले. १९६४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभर लेबर जिंकत होती आणि ब्रॉकवे मात्र ईटन अँड स्लावमधून हरले. फक्त ११ मतांनी! बाहेरून येणाऱ्यांचा मुद्दा त्या प्रचारात तापला होता. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा पार्लमेंटनं केला, तेव्हा ब्रॉकवे लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, होते.

ही पार्लमेंटची निवडणूक, कौन्सिलची नव्हे, हे मान्य. पण ११ मतं म्हणजे एका गल्लीतली दोन-तीन घरं. "माझ्या एका मतानं काय होणार" म्हणणाऱ्याला मी हा आकडा सांगतो.

जोशीकाका_वेम्ब्ली

सारंग, चांगलं लिहितोयस. थोडी भर घालतो. भारतीयांचं कौन्सिलशी नातं स्लावच्या आधीपासूनचं आहे. कृष्ण मेनन १९३४ मध्ये सेंट पॅन्क्रसचे नगरसेवक झाले आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत ते काम करत होते. तिथल्या वाचनालयांसाठी त्यांनी जे केलं त्याची आठवण लोक बरीच वर्षं काढत. १९३८ मध्ये डॉ. चुनीलाल कतियाल फिन्सबरीचे महापौर झाले, आणि त्याच फिन्सबरीत आरोग्य केंद्र उभं राहिलं. खासदारांची नावं सगळ्यांना पाठ असतात, दादाभाई वगैरे. नगरसेवकांची कोण लक्षात ठेवतो? आणि आपलं रोजचं जगणं तर त्यांच्याच हातात.

सारंग_लँग्ली

काका, अगदी बरोबर. स्लावमधलं तसं नाव म्हणजे लिडिया सिमन्स. कॅरिबियनमधून आलेल्या या बाई १९८४ मध्ये स्लावच्या महापौर झाल्या. ब्रिटनमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला महापौर. महापौरपद इथे मानाचं असतं, कारभार कौन्सिलचा नेता चालवतो, पण साखळी गळ्यात घालून त्या समारंभाला उभ्या राहिल्या असतील, तेव्हा या गावातल्या किती मुलींना काय वाटलं असेल!

लिडियाबाईंचं नाव पुन्हा येतं ते २००७ मध्ये, आणि तो प्रसंग जास्त महत्त्वाचा. त्या वेळी सेंट्रल वॉर्डात त्या लेबरकडून उभ्या होत्या. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवारानं त्यांना हरवलं. पण पोस्टानं आलेली मतं बघून लोकांना शंका आली. यादीत शेवटच्या घडीला भराभर नावं चढली होती, आणि त्या पत्त्यांवर जाऊन पाहिलं तर तशी माणसं राहतच नव्हती. लिडियाबाई निवडणूक न्यायालयात गेल्या. मार्च २००८ मध्ये न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी निवडणूक रद्द ठरवली. निवडून आलेला माणूस पुढे फौजदारी खटल्यात तुरुंगात गेला.

हे घडू कसं शकलं? २००१ पासून ज्याला हवं त्याला, कारण न देता, पोस्टानं मत देता यायला लागलं होतं. आणि यादीत नाव घालायला घरातल्या एकानं फॉर्म भरून दिला की पुरे. नाव आहे त्या माणसाची सही नाही, ओळख नाही. याच न्यायाधीशांनी २००५ मध्ये बर्मिंगहॅमच्या निवडणुकांतला पोस्टल मतांचा घोटाळा उघडा पाडला होता. शेवटी २०१४ पासून प्रत्येकानं स्वतःचं नाव स्वतः, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक देऊन नोंदवायचं असा नियम आला. स्लावसारख्या गावांनी किंमत मोजली तेव्हा कुठे तो आला, असं माझं मत आहे.

प्राजक्ता_एस

बनावट मतं वाईटच. पण पोस्टल मताला एवढं झोडपू नका हं. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे चालवत नाही, त्या पोस्टानंच मत देतात. रात्रपाळी करणाऱ्यांना, लहान मूल असलेल्यांना दुसरा इलाज काय?

सारंग_लँग्ली

प्राजक्ताताई, पोस्टल मताला माझा विरोध नाही. माझा राग आहे तो तेव्हाच्या ढिल्या नोंदणीवर. आता अर्जावर सही आणि जन्मतारीख लागते, मत पाठवताना पुन्हा द्यावी लागते, आणि दोन्ही जुळवून बघतात. सासूबाईंचं मत सुरक्षित आहे.

मावळा_लीड्स

सत्ता कुणाची होती ते सांगा की. सगळा काळ लेबरच का?

सारंग_लँग्ली

बहुतेक काळ. सत्तरच्या दशकात कॉन्झर्व्हेटिव्हही येऊन गेले, पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत लेबर पक्की होती. २००४ मध्ये तिचं बहुमत गेलं. मग अपक्ष, लिबरल, लिबरल डेमोक्रॅट आणि ब्रिटवेलमधल्या रहिवाशांचा गट असे लेबरविरोधक एकत्र आले आणि चार वर्षं कारभार केला. ब्रिटवेलसारख्या एका वसाहतीतल्या लोकांचा स्वतःचा गट सत्तेत बसतो, हे मला फार आवडतं. कौन्सिलच्या पातळीवरच हे होऊ शकतं. २००८ मध्ये लेबर परतली आणि २०२३ पर्यंत राहिली.

आता एक-तृतीयांशाच्या पद्धतीबद्दल. जुलै २०२१ मध्ये स्लावच्या मुख्य वित्त अधिकाऱ्यानं कलम ११४ ची नोटीस काढली. म्हणजे हिशोब जुळत नाही, कायद्यानं बंधनकारक आहे तेवढाच खर्च करा, नवा खर्च बंद. कौन्सिल कायद्यानं दिवाळखोर होत नाही, पण व्यवहारात अर्थ तोच. कर्ज ७६ कोटी पौंडांच्या घरात गेलं होतं. वर्षानुवर्षं हिशोब वेळेवर पूर्ण नव्हते, राखीव निधी नावाला उरला होता. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनं आयुक्त बसवले आणि मालमत्ता विकायला सुरुवात झाली.

आणि मे २०२२ मध्ये निवडणूक झाली ती फक्त एक-तृतीयांश जागांची. घर बुडालंय, आणि लोकांना कारभाऱ्यांपैकी तिघांतल्या एकाबद्दलच बोलायची मुभा! सत्ता हलली नाही. मे २०२३ मध्ये नवीन २१ वॉर्ड, प्रत्येकी दोन जागा, अशा सगळ्या ४२ जागांसाठी एकदम मतदान झालं तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह २१, लेबर १८ आणि लिबरल डेमोक्रॅट ३ असा निकाल लागला. त्याच दिवशी इंग्लंडभर कॉन्झर्व्हेटिव्हांनी हजाराहून जास्त जागा घालवल्या होत्या. स्लाव उलट्या दिशेला गेलं, कारण इथले लोक लंडनच्या सरकारला नव्हे, आपल्या कौन्सिलला जाब विचारत होते. मी कुठल्याच पक्षाचा नाही. पण स्थानिक निवडणूक स्थानिक प्रश्नावर झाली याचा मला आनंद आहे.

अवनी_रेडिंग

इथे मी असहमत. एक-तृतीयांश पद्धतीत जवळजवळ दरवर्षी जाब विचारता येतो. आता एकदा निवडलं की थेट २०२७. मध्ये काही बिघडलं तर? रेडिंगमध्ये जवळजवळ दरवर्षी मतं मागायला यावं लागतं म्हणून नगरसेवक दारावर दिसतात तरी.

सारंग_लँग्ली

तुमचा मुद्दा खरा आहे, आणि दारावर दिसण्याचं मोल मी जाणतो. पण ज्या पक्षाकडे मोठं बहुमत आहे त्याला एका वर्षात हलवणं या पद्धतीत जवळजवळ अशक्य असतं. स्लावमध्ये नेमकं तेच झालं.

विशाखा_पुणे

पुण्याहून वाचतेय. आमच्याकडे २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कितीतरी काळ प्रशासकच कारभार बघत होते. तिथे आयुक्त बसवले म्हणजे नगरसेवक घरी गेले का? आणि दोन जागांच्या वॉर्डात मत कसं देतात? आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात.

सारंग_लँग्ली

विशाखाताई, नाही, घरी गेले नाहीत. आयुक्तांना ठरावीक अधिकार मिळाले, प्रामुख्यानं पैशाचे आणि वरच्या नेमणुकांचे. कौन्सिल भरत राहिली, निवडणुकाही ठरल्या वेळी झाल्या. यासाठी इथल्या व्यवस्थेला मी मनापासून दाद देतो. तिजोरी रिकामी झाली म्हणून लोकांचं मत काढून घेतलं नाही.

वॉर्डात मात्र तुमच्यासारखं अ-ब नसतं. एकच यादी, आडनावाच्या अक्षरक्रमानं. तुम्ही दोन फुल्या मारायच्या, कुठल्याही दोघांना, वेगवेगळ्या पक्षांचेही चालतात. सगळ्यात जास्त मतं मिळालेले दोघं निवडून येतात. एकच फुली मारली तरी मत वैध. महिलांसाठी राखीव जागा इथे नाहीत, ते पक्षांच्या मनावर. त्या बाबतीत महाराष्ट्र कितीतरी पुढे आहे.

केदार_चॅल्वी

मी वर्क व्हिसावर आहे, अजून आयएलआर (कायम राहायची परवानगी) नाही. मलापण मत आहे? खरंच?

सारंग_लँग्ली

केदार, आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, तुझ्याकडे इथे राहायची वैध परवानगी आहे, वय १८ च्या वर आहे, बस्स. कौन्सिलचंही मत आहे आणि पार्लमेंटचंही. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र आयएलआर किंवा इथलं नागरिकत्व हवं. अर्जावर सूचक आणि अनुमोदक म्हणून वॉर्डातले दोन मतदार लागतात. अनामत रक्कम नाही.

२०२३ पासून मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं आणि त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. मी आमच्या इथल्या प्राथमिक शाळेत मत द्यायला गेलो, तेव्हा टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट उघडून फोटो बघितला, यादीत पट्टी ठेवून माझ्या नावावर रेघ ओढली आणि लांबलचक मतपत्रिका फाडून दिली. लाकडी कप्प्यात दोरीला बांधलेली पेन्सिल. शाई नाही, यंत्र नाही. भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं. घडी घालून पेटीत टाकली आणि बाहेर आलो. इतकं सोपं आहे ते.

प्राजक्ता_एस

आणि कौन्सिल टॅक्स आपण भरतोच की! २०२३ मध्ये स्लावनं ९.९९ टक्के वाढवला, पुढच्या वर्षी ८.५. बिल हातात आलं तेव्हा घरात चर्चा झाली, पण त्या कौन्सिलला निवडायला आम्ही गेलोच नव्हतो. नवरा म्हणाला, पुढच्या वेळी दोघं जाऊ.

सारंग_लँग्ली

ते बिल नीट वाचा ताई. त्यात वेगवेगळ्या ओळी असतात: स्लाव कौन्सिलचा वाटा, थेम्स व्हॅलीच्या पोलीस आयुक्ताचा आणि रॉयल बर्कशायर अग्निशमन दलाचा. सगळ्यात मोठा आकडा कौन्सिलचा. एरवी सार्वमत घेतल्याशिवाय ५ टक्क्यांच्या वर कर नेता येत नव्हता. स्लावला सरकारनं खास सूट दिली म्हणून तो एवढा चढला. भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही हा कर बहुधा स्वतःच भरावा लागतो, पासपोर्ट कुठलाही असो.

जोशीकाका_वेम्ब्ली

केदार आणि इतर तरुण मंडळींसाठी: नावनोंदणी ऑनलाइन होते, पाच मिनिटांत. मतदानाच्या आधी कामाचे १२ दिवस ही शेवटची मुदत. पोस्टल मताचा अर्ज कामाचे ११ दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत. घर बदललंत तर पुन्हा नोंदवा, जुनं नाव आपोआप नव्या पत्त्यावर जात नाही. भाड्याच्या घरांत राहणारे आपले लोक नेमके इथेच यादीतून निसटतात.

केदार_चॅल्वी

काका, धन्यवाद. आत्ताच भरला फॉर्म. बायकोचा वेगळा भरावा लागला, एकाच फॉर्मवर दोघांची नावं घेत नाहीत.

सारंग_लँग्ली

हो, प्रत्येकाचा वेगळा. २००७ मध्ये सेंट्रल वॉर्डात जे झालं, त्यानंतरच हा नियम आला. वहिनींना आठवणीनं सांग, मतदान गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी नसते. कामावरून येताना पासपोर्ट जवळ ठेवायचा.